एका दिवसाचं फूल, पंधरा दिवसांचं चित्र : कापसाचं फूल जलरंगात

कापसाचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधावरच्या सायीच्या रंगाचं असतं. दुपार कलली की पाकळ्यांवर गुलाबी झाक चढू लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गडद गुलाबी होऊन मिटलेलं दिसतं. त्याची उमललेली आयुष्यरेषा एवढीच, एका दिवसाची.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी पहिल्यांदा हे फूल रंगवायला बसले तेव्हा ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मराठवाड्यातल्या सेलूजवळ आत्याचं शेत आहे. तिथून सकाळी दहाला फांदी आणली, पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि एकेक पाकळी पुरी करत निघाले. दोन पाकळ्या झाल्या, जेवण झालं, थोडं आडवी झाले. चारला बघते तर फूल वेगळंच. उरलेल्या तीन पाकळ्या मी समोर दिसत होत्या तशा रंगवल्या. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. दिसायला वाईट नाही, फक्त तसं फूल जगात कुठे नाही. वर आत्याचं ऐकून घ्यावं लागलं ते निराळंच : “अगं बाई, फूल नेलंस म्हंजी बोंडच नेलंस की.”

तेव्हापासून मी पद्धत बदलली. चित्र सावकाश, दहा-पंधरा दिवस चालणारं. फूल मात्र रोज नवं, रोज त्याच वेळेचं आणि शक्यतो झाडावरच. ही पद्धत मी इथे पायरीपायरीने लिहिते आहे. जास्वंद किंवा भेंडीचं फूल घेतलंत तरी ती बरीचशी जशीच्या तशी लागू पडेल, कारण तिन्ही एकाच कुळातली.

आधी फूल समजून घ्या

ब्रश हातात घेण्याआधी एक सकाळ नुसती बघण्यात घालवा. भिंग असेल तर बरोबर ठेवा.

पाकळ्या पाच. पण त्या ताटलीसारख्या पसरलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पिळा घातल्यासारखी ही रचना असते. काही फुलांत हा पीळ डावीकडे जातो, काहींत उजवीकडे. आज एका पिळाचं फूल आणि उद्या दुसऱ्या पिळाचं, असं मिसळलंत तर आराखडा जमणारच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा : पीळ कोणत्या बाजूचा.

मधोमध पुंकेसरांचा खांब असतो. असंख्य पुंकेसर एका नळीवर चिकटलेले आणि त्या नळीच्या टोकातून बाहेर आलेला किंजल्क. जास्वंदीत हा खांब लांब बाहेर लोंबतो, कापसात तो आखूड आणि पाकळ्यांच्या पेल्यात दडलेला असतो.

फुलाच्या खाली तीन मोठी हिरवी दातेरी पानं फुलाला धरून असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदं म्हणतात. मी इथे झालर म्हणेन. चित्राची निम्मी मजा या झालरीत आहे. तिच्या आत, अगदी तळाशी, बुटक्या वाटीसारखा निदलपुंज असतो, तो बहुधा दिसतच नाही. आणि आता भिंग लावून झालर, पान, देठ बघा : सगळीकडे बारीक काळसर ठिपके दिसतील. या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याच्या ग्रंथी. सरकी जनावराला किती घालायची याची काळजी लोक घेतात ती याच द्रव्यामुळे. चित्रात हे ठिपके आले की कापूस जवळून पाहिलेला माणूस चटकन ओळखतो.

आपल्याकडे आज जिकडेतिकडे दिसते ती अमेरिकन जातीची कपाशी; तिचं फूल सायीच्या रंगाचं आणि झालरीचे दात लांब, खोल चिरलेले. देशी कापसाचं फूल पिवळं असतं, पाकळीच्या तळाशी गडद लाल डाग असतो आणि झालरीचे दात अगदी थोडे, आखूड. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे ‘पीए’ मालिकेतले वाण दिले आहेत. कुणाच्या शेतात ते सापडले तर ते फूल नक्की रंगवा, नवशिक्याला ते सोपंही जातं. पिवळ्यावर सावली उठून दिसते. सायीच्या रंगावर ती शोधावी लागते.

कोणतं फूल, कुठलं, कधी

मृगाच्या आसपास लागवड झाली तर श्रावण-भाद्रपदात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, पाती (फुलांच्या कळ्या) आणि फुलं भरपूर असतात. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ आपला.

शेतमालकाला विचारल्याशिवाय फुलाला हात लावू नका, कारण आत्या म्हणाली ते खरं आहे : एक फूल म्हणजे एक बोंड. आणि विचारताना दुसरा प्रश्न विचारा : फवारणी कधी झाली? नुकतीच झाली असेल तर त्या शेतात जायचंच नाही, फूल घरी आणायचं तर लांबच. एरवीही परतल्यावर हात साबणाने धुवा. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय असेल तर ती आजच सोडा. फवारणीचं विष बाजूला ठेवा, रंगांमध्येसुद्धा कॅडमियमसारखी पोटात जाऊ नयेत अशी द्रव्यं असतात.

काही फुलं नीट उमलत नाहीत, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळी होते. चित्रकाराला ती आकर्षक वाटते. ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी आहे. ती मॉडेल म्हणून घेऊ नका. मालकाला दाखवा, तो ती तोडून नष्ट करील आणि तुम्ही पुन्हा शेतात आलेलं त्याला चालेल.

आता मांडणीविषयी, आणि इथे जरा थांबते कारण यात बहुतेक चित्रं चुकतात. एकाच फांदीवर शेजारीशेजारी एक पांढरं आणि एक गुलाबी फूल काढण्याचा मोह होतो. पण कापसाच्या एका फळफांदीवर एक फूल उमललं की त्याच फांदीवरचं पुढचं फूल साधारण सहा दिवसांनी उमलतं. वरच्या फांदीवरचं त्याच जागेचं फूल साधारण तीन दिवसांनी. म्हणजे आजचं पांढरं आणि कालचं गुलाबी ही जोडी शेतात दिसते ती बहुधा दोन वेगळ्या झाडांवर. एका फांदीवर खरं काय असतं? बुडाकडे लहानसं हिरवं बोंड, त्याच्या टोकाला वाळलेल्या पाकळ्यांची टोपी. मध्ये उमललेलं फूल. टोकाकडे तिकोनी पातं. फांदीही सरळ नसते, प्रत्येक पेऱ्यावर वळण घेत नागमोडी जाते. पातं, फूल, बोंड असं सगळं एका वीतभर फांदीत मिळतं. यापेक्षा चांगली मांडणी आपण बसून रचू शकत नाही.

सामान

कागदावर कंजुषी करू नका, बाकी सगळ्यावर करा. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठाचा कागद घ्या. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या थरालाच पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि आपल्याला आठ-दहा थर द्यायचे आहेत. पूर्ण शीट २२ × ३० इंचांचं येतं. त्याचा चौथा भाग, ११ × १५ इंच, या चित्राला पुरतो. कापसाचं फूल कापसाच्याच कागदावर उतरतं आहे, याची मला दर वेळी गंमत वाटते.

रंग सहा पुरेत. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, नावापेक्षा तो बघा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी द्रव्यं विकतात :

पिवळा, पीवाय १५४.
क्विनाक्रिडोन रोझ, पीव्ही १९.
अल्ट्रामरीन निळा, पीबी २९.
बर्न्ट सिएना. हे नाव पीबीआर ७ आणि पीआर १०१ अशा दोन्ही द्रव्यांवर दिसतं, कुठलाही चालेल.
रॉ सिएना.
थॅलो हिरवा, पीजी ७. हा अगदी टाचणीच्या टोकाएवढा लागतो.

गुलाबीसाठी जुना अलिझरीन क्रिमसन, पीआर ८३, घेऊ नका. तो उजेडात फिका पडतो. भडक, चमकणारे फ्लुरोसंट गुलाबी तर आणखी लवकर उडतात. पांढरा रंग लागणार नाही. पांढरा म्हणजे कागद.

ब्रश तीन : ६ नंबरचा गोल, २ नंबरचा गोल आणि ० किंवा ००. पैसे एकाच ब्रशवर घालायचे असतील तर ६ नंबरच्या चांगल्या सेबलवर (प्राण्याच्या केसांच्या ब्रशवर) घाला. त्याचं टोक चांगलं असलं की ०० क्वचितच लागतो. त्याशिवाय एक जुना सिंथेटिक, कडा मऊ करायला. पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा.

पाणी मात्र बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पातेल्याच्या काठाला जी पांढरी कड धरते तीच पातळ थरात उरू शकते. अल्ट्रामरीनसारखे रंग त्यात गुठळी धरून दाणेदार बसतात. जारचं पाणी घ्या. दोन भांडी : एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त स्वच्छ पाणी उचलायला.

मास्किंग फ्लुइड, म्हणजे कोऱ्या ठेवायच्या जागी रंग लागू नये म्हणून लावायचं रबरी द्रव, मी वापरत नाही. एकदा परागांसाठी लावलं, मध्ये लग्नसराई आली, महिनाभर ते कागदावरच राहिलं. काढताना कागदाची सालच निघाली.

पहिल्या तीन सकाळी : शेतात

साडेआठ-नऊला पोचा. खाली बसायला पोतं, मांडीवर बोर्ड. पहिल्या सकाळी फक्त पेन्सिलीने तीन-चार बाजूंनी लहान स्केचेस करा. पूर्ण समोरून फूल काढू नका. तसं ते वाटोळं, चपटं दिसतं. तीन-चतुर्थांश बाजूने, जरा खालून पाहिलं तर पाकळ्यांचा पीळ, आतल्या खांबाचं टोक आणि झालर, तिन्ही दिसतात.

अजून एक गोष्ट याच वेळी ठरवा : फुलाच्या मागे काय येणार? पांढऱ्या कागदावर सायीच्या रंगाची पाकळी हरवून जाते. म्हणून असा कोन शोधा, जिथे निदान एका पाकळीच्या मागे गडद पान आहे. ती एक कड नीट उठली की बाकीच्या कडा डोळा आपोआप पुऱ्या करतो.

दुसऱ्या सकाळी रंगांची नोंद करा. वहीत चौकटी आखा आणि ठरलेल्या वेळांना पाकळीच्या एकाच जागेचा रंग मिसळून लावा : नऊ, दहा, अकरा, मग दुपारी तीन आणि पाच. शेजारी मिश्रण लिहा. ही पट्टी पुढचे पंधरा दिवस तुमची खरी संदर्भसामग्री आहे. मोबाइलवर फोटो काढा, पण रचनेपुरते. सायीचा रंग मोबाइलमध्ये एकतर चुनखडीसारखा पांढरा येतो नाहीतर लोण्यासारखा पिवळा.

तिसऱ्या सकाळी नीट मोजून अंतिम रेखाटन करा. फूल प्रत्यक्षाच्या दीडपट ते दुप्पट घ्या. त्याहून मोठं केलं तर नाजूकपणा जातो आणि लहान ठेवलं तर झालरीचे दात काढताना डोळे फुटतात.

आराखडा कागदावर

रेखाटन साध्या कागदावर पूर्ण करा, खोडरबर काय चालवायचा तो तिथेच चालवा. मग खिडकीच्या काचेवर धरून एच पेन्सिलीने हलक्या हाताने चांगल्या कागदावर उतरवा. नंतर पुट्टी रबर (कणकेसारखा मळता येणारा खोडरबर) लाटून रेघांवरून फिरवा, इतका की रेघ जेमतेम दिसावी. पिवळ्या वॉशखाली, म्हणजे पातळ रंगाच्या थराखाली, अडकलेली शिशाची रेघ पुढे पुसली जात नाही आणि पाकळीची कड मळकट दिसते.

कागद बोर्डवर ताणून घेतला तर उत्तम : स्वच्छ पाण्यात भिजवायचा, बोर्डवर पसरायचा, चारही बाजूंनी गमटेप लावून आडवा ठेवून वाळू द्यायचा. हे अर्थात आराखडा उतरवल्यानंतर, कारण बोर्डावर ताणलेल्या कागदामागून उजेड येत नाही.

पाकळ्या

पाकळी रंगवायची नाही, तिची सावली रंगवायची, एवढं मनात धरून बसा. चित्रातल्या पाकळीचा सर्वांत उजळ भाग हा कोरा कागदच असेल.

उत्तरेच्या खिडकीजवळ बसा. तिथला उजेड दिवसभर फारसा हलत नाही. आणि पहिल्या दिवशी पाचही पाकळ्यांचा एकेक थर करा. माझी पहिली चूक हीच होती, एक पाकळी संपवून दुसरीकडे जाणं. सगळं फूल बरोबरीने पुढे सरकायला हवं.

पहिला थर. दोन नंबरच्या ब्रशने एका पाकळीवर फक्त स्वच्छ पाणी पसरा, कडेपासून केसभर आत थांबून. आता कागदाकडे तिरपं बघा. आधी पाणी आरशासारखं चमकतं, मग ती चकाकी मंद, साटीनसारखी होते. या मंद क्षणी पाकळीच्या तळाशी अगदी पातळ पिवळ्याचा थेंब सोडा, त्यात चिमूटभर रॉ सिएना. तो आपोआप वर सरकेल आणि मध्यापर्यंत येऊन विरेल. चमक असताना सोडलात तर तो सगळीकडे पळतो. मंदपणाही गेल्यावर सोडलात तर कडक कड धरतो.

हा मंद क्षण किती टिकतो ते मराठवाड्यातल्या हवेवर आहे आणि पुस्तकातली मिनिटं इथे कामाची नाहीत. भाद्रपदातल्या झडीत कागद लवकर वाळतच नाही. तेव्हा पाणी कमी घ्या, नाहीतर ओल्या थरात पुन्हा ओला ब्रश जाऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. हे डाग उठतात कारण ब्रशमधलं जास्तीचं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत कडेला नेतं. दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात उलट होतं : पाकळीच्या टोकाला पोचेपर्यंत बुड वाळलेलं. तेव्हा पंखा बंद करा, पाकळी दोनदा भिजवा आणि काम सकाळी नवाच्या आत उरका.

थर वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. बोटांची मागची बाजू कागदाला अलगद टेकवा. गार लागलं तर अजून ओल आहे. थांबा. शेजारच्या पाकळीला लागू नका, ओल्या कडा एकमेकींत शिरतात. एकाआड एक पाकळी घ्या. पाच पाकळ्यांत एकाआड एक घेताना शेवटी दोन शेजारणी येतातच, तिथे चहा करून या.

दुसऱ्या दिवशी सावलीचा राखाडी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बशीत मिसळा, त्यात किंचित क्विनाक्रिडोन रोझ टाका. रंगचक्रात पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळा, म्हणून सायीच्या पाकळीची सावली जरा जांभळटच जिवंत वाटते. नुसत्या काळ्याने केलेली सावली धुरकट होते. हे मिश्रण इतकं पातळ करा की बाजूच्या कागदावर लावल्यावर वाटावं, काही लावलंच नाही. वाळल्यावर जलरंग फिकट होतो हे लक्षात असू द्या, पण तरी पातळच. गडद करायला उद्या आहे.

ही सावली कुठे? जिथे एक पाकळी दुसरीखाली शिरते तिथे सर्वांत गडद. मग पाकळीच्या बाकाच्या आतल्या बाजूला. दोन ब्रश धरा : एकाने रंगाची पट्टी लावायची आणि लगेच दुसऱ्या, स्वच्छ व जेमतेम ओल्या ब्रशने तिची एक कड विरवायची. दुसरा ब्रश दर वेळी साडीच्या तुकड्यावर टिपून घ्या. या एका हालचालीचा सराव जुन्या कागदावर पन्नास वेळा करा. खरं सांगायचं तर पूर्ण लेखातून एवढंच उचललंत तरी चालेल.

तिसरा, चौथा, पाचवा थर असाच. दर दिवशी एक किंवा फार तर दोन. मध्येच एक थर हिरवट करा, कारण खाली पानं आणि झालर असल्यामुळे पाकळीच्या बुडाशी हिरवा परावर्तित उजेड पडतो. पिवळ्यात थॅलो हिरव्याचा नुसता वास पुरतो. पेल्याच्या तळाशी हा हिरवट-पिवळा आला की फूल एकदम खोल वाटू लागतं.

शिरा आणि चुण्या सर्वांत शेवटी. कापसाची पाकळी कळीत घडी घालून ठेवलेली असते, त्यामुळे उमलल्यावरही ती मलमलीसारखी जराशी चुरगळलेली दिसते. त्या चुण्या हाच तिचा पोत. ० नंबरच्या ब्रशमध्ये अगदी थोडा रंग घ्या, कापडावर टिपा आणि कोरड्या ब्रशने बुडापासून पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या रेघा ओढा. सगळ्या शिरा काढू नका. उजेडाच्या भागात एकही नको, सावलीत थोड्या. मी पूर्वी सगळ्या काढत असे. फूल कोबीच्या पानासारखं दिसायचं.

या सगळ्या दिवसांत रोज सकाळी शेतात एक नवं फूल त्याच वेळी, त्याच कोनातून बघून या. शेत लांब असेल तर दोन दिवसांआड. तोडू नका. नुसतं बघा, वहीतली पट्टी ताडून बघा आणि परत या.

खांब, झालर, पानं

पुंकेसरांचा खांब झटपट होतो. आधी मधल्या पोकळीतली सावली गडद करा; परागकोशांचे दाणे कोऱ्या कागदाचे राखून त्यांच्यामधल्या फटी रंगवा. मग दाण्यांवर फिकट पिवळा, प्रत्येकाच्या खालच्या बाजूला राखाडीचा टिपका. पंधरा-वीस दाणे नीट, बाकीचे सुचवलेले.

झालरीला दोन-तीन दिवस द्या. हिरवा बाजारातला तयार घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि पिवळा मिसळा, बर्न्ट सिएनाने त्याचा भडकपणा मोडा. दात काढताना प्रत्येक दात बुडापासून टोकाकडे एका ओढीत घ्या, टोकाशी ब्रश उचलत. दोन दातांमधून पाकळी दिसते ती जागा कोरी राखायची आहे, म्हणून आधी या फटींवर पेन्सिलीने लहान फुली करून ठेवा. टोकांशी आणि देठावर किंचित तांबूस झाक असते : बर्न्ट सिएनात थोडा रोझ. ठिपके अगदी शेवटी, आणि ते रांगोळीसारखे सारख्या अंतरावर पडले की खोटे दिसतात.

पानाला मोठा ब्रश वापरा, थर कमी द्या. फुलाच्या मागचं पान सर्वांत गडद, बाकीची फिकट, टोकाकडचं तर नुसत्या एका वॉशचं चालेल. पानाच्या ज्या भागावर आकाशाचा उजेड पडतो तिथे पहिला वॉश हिरवा नसून फिका निळा असू द्या आणि त्यावर हिरवा चढवताना थोडा निळा मोकळा ठेवा. मुख्य शिरा रंगवायच्या नाहीत, दोन्ही बाजूंचा हिरवा भरत त्या राखायच्या. चुकून बुजली तर ओल्या, टिपलेल्या ब्रशने घासून रंग उचलता येतो. थॅलो मात्र कागदात मुरतो आणि उचलत नाही, म्हणून तो पानात फार नको.

अजिंठा आपल्यापासून लांब नाही. कधी गेलात तर दोन नंबरच्या लेण्यात मान वर करून छत बघा. फुलांची, वेलींची चौकटीचौकटींतली नक्षी आहे. तिथली पद्धत आपल्याहून वेगळी, मातीच्या कोरड्या गिलाव्यावर खनिज रंग. पण एक फूल पूर्ण आणि शेजारचं नुसतं सुचवलेलं, हा समतोल तिथे नीट बघता येतो. मी तो पानांसाठी उचलला.

शेवटची बैठक

चित्र झालं असं वाटलं की दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग उलटं टांगून लांबून बघा. उलट्या चित्रात फूल दिसत नाही, फक्त गडद-उजळ दिसतं. बहुतेक वेळा पाकळ्यांच्या शिरकावाच्या जागा अजून पुरेशा गडद नसतात. तिथे एकेक थर आणखी. त्यापुढे हात आवरा.

पेन्सिलीने तारीख, गाव आणि वेळही लिहा : सकाळी साडेनऊ. कापसाच्या फुलाच्या चित्राला वेळेशिवाय अर्थ नाही. फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते.

आणि काच लावण्याआधी चित्र शेतकऱ्याला दाखवा. मी आत्याला दाखवलं. तिने ते उजेडाकडे धरलं, झालर बघितली, ठिपके बघितले, मग फुलाखालच्या पेऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्याचं पान कुठाय?”

फळफांदीवर प्रत्येक पेऱ्याला फुलासमोर एक पान असतं. माझ्या फांदीवरचं गळलं होतं आणि मी ती जागा तशीच गुळगुळीत सोडली होती. घरी येऊन २ नंबरच्या ब्रशने तिथे देठ गळाल्याचा व्रण काढला, बर्न्ट सिएनाचा एक टिपका आणि खाली सावलीची रेघ. काम पाच मिनिटांचं होतं.